टाळेबंदीची शिथिलता आणि ‘बेशिस्त’ जनता

२०२० च्या मार्चअखेर देशात टाळेबंदी पुकारण्यात आली तेव्हा कोरोनाबाधितांची नोंदलेली संख्या जेमतेम पाचशेच्या घरात होती. १ जूनपासून ती टप्प्याटप्प्याने उठविण्यास प्रारंभ झाला तेव्हा हीच संख्या १ लाख ९० हजारांच्या आसपास पोचली होती आणि त्यांपैकी ६७ हजारांहून अधिक रुग्ण एकट्या महाराष्ट्रातले होते. रोग वेशीवर असताना दारे बंद आणि तो घरात शिरल्यावर दारे उघडी, हा प्रकार सामान्य माणसाच्या बुद्धीला चक्रावून टाकणारा होता. जे उघडले त्याचा आनंद मानावा की भीती बाळगावी, हे अनेकांना कळेना. काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला, काहींनी दाराला आतून आणखी एक कडी घातली.

या प्रसंगी लोक कसे वागले याविषयीचा निवाडा सुशिक्षित मध्यमवर्गाने त्याच आठवड्यात देऊन टाकला, आणि इतकी वर्षे लोटल्यानंतर तो आता जवळजवळ इतिहासच बनला आहे. लोक बेशिस्त आहेत, त्यांना सवलत दिली की ते झुंडीने बाहेर पडतात, त्यांना दंडुक्याचीच भाषा समजते, असा तो निवाडा. शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षककक्षांत आणि कचेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत तो आजही ऐकू येतो. पुढची साथ केव्हातरी येणारच. त्या वेळचे राज्यकर्ते याच निवाड्यावर विसंबून नियम करतील. म्हणून तो एकदा नीट तपासून घेणे अगत्याचे आहे.

राज्य सरकारने या टप्प्याला ‘मिशन बिगिन अगेन’ असे इंग्रजी नाव दिले आणि तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जनतेशी बोलताना त्यासाठी ‘पुनश्च हरिओम’ हे शब्द वापरले. हे शब्द लोकमान्यांचे. राजद्रोहाच्या शिक्षेतून सुटून आल्यावर १८९९ मध्ये ‘केसरी’ची सूत्रे पुन्हा हाती घेताना टिळकांनी त्या मथळ्याचा अग्रलेख लिहिला होता. ती शिक्षा १८९७ च्या ‘केसरी’तील लेखनासाठी झाली होती, आणि ते वर्ष पुण्यातील प्लेगचे, गोऱ्या सोजिरांकरवी होणाऱ्या घरझडत्यांचे आणि रँडवरील गोळीबाराचे. साथीच्या निर्बंधांवरून सरकार आणि प्रजा यांच्यात जो कडवा झगडा झाला, त्याच्या छायेत जन्मलेला हा शब्दप्रयोग १२० वर्षांनी निर्बंध शिथिल करताना एका मराठी मुख्यमंत्र्याच्या तोंडी यावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

योगायोग एवढ्यावरच थांबत नाही. मार्च २०२० मध्ये ज्या कायद्याच्या आधारे महाराष्ट्रात निर्बंध लादण्यात आले तो साथरोग प्रतिबंधक कायदाही त्याच १८९७ सालचा. मूळचा हा कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारला योग्य वाटेल तो नियम करता येईल. न पाळणाऱ्यास दंडसंहितेनुसार शिक्षा होईल. आणि नियम राबविणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असे त्याचे सार. मात्र त्यात एक उपवाक्य आहे, ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अधोरेखित करून ठेवावे असे आहे. साथ रोखण्यासाठी होणारा खर्च, ‘नुकसानभरपाई दिल्यास तीसह’, कोणी आणि कोणत्या रीतीने सोसावा, हे सरकार ठरवू शकेल, असे ते म्हणते. म्हणजे निर्बंधांना किंमत असते आणि ती कोणीतरी चुकती करावी लागते, एवढे परकीय सरकारलाही ठाऊक होते. प्रश्न केवळ ‘दिल्यास’ या शब्दाचा होता. विधी आयोगाने २०२४ मध्ये हा कायदा आजच्या काळाला अपुरा असल्याचा अहवाल दिला आहे. पण २०२० मध्ये हातात होता तो हाच, आणि त्यातील ‘दिल्यास’चे उत्तर बहुतांशी ‘दिली नाही’ असेच निघाले.

शिथिलतेवरील लोकांच्या प्रतिक्रियेचे पहिले दर्शन घडले ते जूनच्याही आधी, ४ मे २०२० रोजी. त्या दिवशी अनेक राज्यांत मद्याची दुकाने उघडली आणि दुकानांपुढे मैल-मैल रांगा लागल्या. दिल्ली सरकारने दुसऱ्याच दिवसापासून ७० टक्के जादा आकारणी सुरू केली. मुंबई महापालिकेने तर दोनच दिवसांत दिलेली परवानगी मागे घेतली. रांगांची छायाचित्रे देशभर फिरली आणि ‘पाहा, हे आपले लोक’ या शेऱ्याला पुरावा मिळाला. पण दुकान उघडण्याची घाई केवळ गिऱ्हाइकाला नव्हती. वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्यांच्या स्वतःच्या हातात जी थोडी मोठी करसाधने उरली, त्यांत मद्य आणि पेट्रोल-डिझेल ही प्रमुख. टाळेबंदीत पेट्रोल खपेना आणि मद्य विकता येईना. तिजोरीत येणार तरी काय? ज्या ४ मे रोजी मद्याच्या दुकानांपुढे रांगा लागल्या, त्याच तारखेला महाराष्ट्र सरकारने आपल्या विकासखर्चाला ६७ टक्क्यांची कात्री लावून नवी नोकरभरती थांबविणारा आदेश काढला. रांगेत गिऱ्हाईक उभे होते आणि त्याच्या मागे, कॅमेऱ्याला न दिसणारे, खुद्द सरकारही उभे होते.

शिथिलता का आली, याचे खरे उत्तर येथे सापडते. रोग ओसरला म्हणून दारे उघडली नाहीत. पैसा संपला म्हणून उघडली. त्यात लपविण्यासारखे काही नव्हते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन मागील वर्षाच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा पहिला अंदाज पुढे ऑगस्टअखेर जाहीर झाला. एवढी घसरण सोसून कोणताही समाज अनिश्चित काळ दारे लावून बसू शकत नाही. पण सरकारने हे कारण मोकळेपणाने सांगितले नाही. ‘आता कोरोनासोबत जगायला शिका’ असे सांगण्यात आले, आणि शिकण्याचा खर्च ज्याचा त्याच्यावर सोपविण्यात आला.

तो खर्च सर्वांना सारखा नव्हता. लोकांच्या प्रतिक्रियांची उकल करू लागले की धीट आणि भित्रे, शिस्तीचे आणि बेशिस्त, ही विभागणी फार काळ टिकत नाही. तिच्या तळाशी दुसरीच रेषा दिसते. दार बंद असताना ज्याचा पगार चालू राहतो तो एका बाजूला आणि दार बंद झाले की ज्याची मिळकत त्याच दिवशी थांबते तो दुसऱ्या बाजूला. पहिल्याला दार उघडण्याची धास्ती वाटली, दुसऱ्याला ते बंद राहण्याची. दोघांचेही भय खरे होते. राज्य सरकारने मार्चच्या वेतनात वरच्या वर्गांच्या कर्मचाऱ्यांना ५० टक्के व तृतीय श्रेणीला ७५ टक्के रक्कम आधी देऊन उरलेली पुढे ढकलली, तेव्हा शिक्षक व कर्मचारी संघटनांत किती खळबळ उडाली होती हे आठवावे. एका महिन्याच्या वेतनाचा काही भाग लांबणीवर पडला तर ही अवस्था. मग ज्याचे एप्रिल आणि मे हे दोन्ही महिने कोरडे गेले त्याने जूनच्या पहिल्या तारखेस रस्त्यावर धाव घेतली, यात नवल कसले? भारतीय अर्थव्यवस्थेवर नजर ठेवणाऱ्या सीएमआयई या संस्थेच्या त्या वेळच्या अंदाजानुसार एप्रिल २०२० मध्ये १२ कोटींहून अधिक लोकांचे काम गेले, आणि त्यांतील ९ कोटींहून अधिक लोक रोजंदार व छोटे धंदेवाले होते.

मध्यमवर्गाच्या भीतीची टवाळी करण्याचे कारण नाही. घरात सत्तरीचे आईवडील, त्यांना रक्तदाब किंवा मधुमेह, शेजारच्या इमारतीला लावलेली पत्र्याची अडसर आणि रुग्णालयात खाट मिळेल की नाही याची रोजची चिंता. अशा घराने उघडणाऱ्या बाजाराकडे संशयाने पाहिले तर ते स्वाभाविकच होते. शिवाय पगारदार हा एकजिनसी वर्ग नव्हे. अनुदानित शाळेतील शिक्षकाला वेतन मिळत होते. विनाअनुदानित शाळेतल्या त्याच्याच सहाध्यायाला कित्येक ठिकाणी अर्धे मिळाले वा मिळालेही नाही. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला तास नाही तर दाम नाही. शिकवणी वर्गांचे दार तर जवळजवळ सर्वांत शेवटी उघडले. एकाच शिक्षककक्षात बसणाऱ्या माणसांमधूनही ती रेषा गेली होती. त्या रेषेच्या पलीकडचे सहकारी गप्प राहिले, म्हणून शिस्तीचा सूर एकमुखी वाटला, इतकेच.

रेषेच्या पलीकडे टोकाला होते ते परप्रांतीय मजूर. त्यांची प्रतिक्रिया शिथिलतेची वाट पाहण्याचीही नव्हती; ते चालू लागले. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपी गेलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. ते जालन्याहून निघाले होते. १८९६-९७ च्या प्लेगमध्येही मुंबईचे गिरणीकामगार असेच गावाकडे पळाले होते; पण तेव्हा हात कमी पडू लागल्याने गिरणीमालकांत चढाओढ लागली आणि राहिलेल्यांना रोजची मजुरी रोज चुकती करावी लागली. निघून जाणे हे त्या वेळी कामगाराच्या हातातले एक शस्त्र ठरले होते. २०२० मध्ये कामच ठप्प असल्याने तेही उरले नव्हते. सरकारने रेशनवर माणशी ५ किलो धान्य दिले, हे चांगलेच केले. पण या मजुरांची शिधापत्रिका गावी आणि पोट शहरात. जनधन खात्यांवर महिलांसाठी दरमहा ५०० रुपये याप्रमाणे तीन महिने रक्कम जमा झाली. ५०० रुपये म्हणजे शहरातल्या बिगाऱ्याची फार तर दीड-एक दिवसाची मजुरी.

जूनमध्ये जे उघडले तेही कसे उघडले ते पाहावे. रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. कापडाच्या दुकानात कपडा घालून पाहण्यास मनाई, आणि नेलेला परत घेण्यासही मनाई. केशकर्तनालये २८ जूनला उघडली. त्यांत केस कापण्यास मुभा, दाढीला मज्जाव. साथीच्या दृष्टीने या प्रत्येक नियमाचे समर्थन करता येईल. पण तीन महिने कुलूप असलेल्या गाळ्याचे भाडे निम्मे झाले नव्हते, वीजबिल पूर्ण आले होते आणि कर्जाच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने जी ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली ती हप्त्याला होती, व्याजाला नव्हती. धंदा निम्मा आणि देणे पूर्ण, अशा दुकानदाराने वेळ संपल्यावरही शटर अर्धे वर ठेवले, तर त्याला दंड करणाऱ्या शिपायाने नियम पाळला आणि दुकानदाराने मोडला, हे खरेच. हिशेब मात्र तेवढ्याने पुरा होत नाही.

सर्वांत बोलका हिशेब मुंबईच्या लोकलचा आहे. ८ जूनपासून खासगी कचेऱ्या १० टक्के उपस्थितीने सुरू करण्यास परवानगी मिळाली. कचेरी उघडली म्हणजे हजेरीपट उघडला. परंतु मार्चअखेर बंद झालेली लोकल मात्र सामान्यांसाठी बंदच राहिली. साथीपूर्वी या गाड्यांतून रोज ७५ लाखांहून अधिक लोक ये-जा करीत. १५ जूनपासून त्या धावू लागल्या त्या केवळ अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. पुढे केंद्रीय कर्मचारी, राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्मचारी, आणि नोव्हेंबरमध्ये शिक्षक, असे एकेक गट त्यांत घेतले गेले. वसईचा, कल्याणचा, डोंबिवलीचा, बदलापूरचा खासगी कचेरीतला कारकून यांपैकी कोणीच नव्हता. त्याला बस होती. एका आसनावर एक प्रवासी बसविण्याचा नियम असलेली, आणि म्हणून पहाटेपासून रांग लावावी लागणारी. बसच्या आत अंतर राखण्याच्या नियमाने बसच्या बाहेर गर्दी निर्माण केली. २२ जुलै रोजी नालासोपाऱ्यात एसटी न मिळाल्याने संतप्त झालेले प्रवासी रेल्वे स्थानकात घुसले आणि रुळांवर उतरले. त्या दिवशीच्या छायाचित्रांखालीही ‘नियमांचा फज्जा’ असेच शब्द शोभले असते. पण ही माणसे सहलीला निघालेली नव्हती. ती कामावर वेळेत पोचण्यासाठी भांडत होती. सरकारने कामावर जाण्याची परवानगी दिली होती आणि जाण्याचे साधन दिले नव्हते.

याच सुमारास, जूनअखेर, मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरपलीकडे अकारण जाऊ नये असा फतवा काढला आणि हजारो वाहने जप्त केली. कचेरीला जाणाऱ्यांना त्यातून वगळले होते, पण नाक्यावर ते सिद्ध करता करता कचेरीची वेळ टळून जात असे. काही दिवसांतच दोन किलोमीटरचा शब्द सोडून ‘घराजवळचा परिसर’ असा बदल करण्यात आला. ठाणे, कल्याण-डोंबिवली, औरंगाबाद, पुणे, पिंपरी-चिंचवड या शहरांत जुलैमध्ये पुन्हा टाळेबंदी आली. पुण्यात ती १३ जुलैच्या मध्यरात्रीपासून लागू होणार असे आधी जाहीर झाले, आणि मधल्या दिवसांत मंडईत व किराणा दुकानांत जी गर्दी उसळली ती कोणीही भाकीत करावी अशीच होती. उद्यापासून माल मिळणार नाही असे कळल्यावर आज खरेदी करणे याला अर्थशास्त्रात बेशिस्त म्हणत नाहीत.

आजाराच्या बाबतीत एक गोष्ट मात्र अर्थशास्त्रही मान्य करते. बाहेर पडणाऱ्याच्या निर्णयाचा परिणाम त्याच्यापुरता राहत नाही. तो ज्याच्याशेजारी उभा राहतो त्याच्या घरापर्यंत पोचतो, आणि ती किंमत बाहेर पडणाऱ्याच्या हिशेबात धरली जात नाही. म्हणून केवळ व्यक्तीच्या शहाणपणावर साथ सोपविता येत नाही, सरकारने मध्ये पडावेच लागते. पण मध्ये पडण्याचे मार्ग दोन. बाहेर पडणाऱ्याला दंड करणे हा एक, आणि आत राहणाऱ्याला आत राहणे परवडेल असे करणे हा दुसरा. पहिल्यात खजिन्यात पैसे येतात, दुसऱ्यात जातात. पहिलाच मार्ग सरकारांना प्रिय वाटला, याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही.

आत राहणे म्हणजे सर्वांसाठी एकच गोष्ट नव्हती, हे त्याच जुलैत आकड्यांनीही दाखवून दिले. मुंबई महापालिका, नीती आयोग व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी शहरातील तीन प्रभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण केले. त्यात झोपडपट्टीतील ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूची लागण होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. दहा बाय दहाची खोली, तीत सहा-सात माणसे आणि पन्नास घरांमागे एक सामाईक संडास, अशा वस्तीत टाळेबंदीचा प्रत्येक नियम कसोशीने पाळला असता तरी अंतर कोठून आणायचे होते? घरात राहून जी लागण झाली तिचा दोष बाहेर पडण्याच्या सवयीवर टाकण्यात आला, एवढेच या दोन आकड्यांवरून म्हणावयाचे.

आणि शिस्त हा कोणा एका वर्गाचा स्वभाव नव्हे, याचा दाखला पुढे सहा महिन्यांतच मिळाला. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातील दैनंदिन रुग्णसंख्या दोन-तीन हजारांवर उतरली आणि साथ गेली असा सार्वत्रिक समज झाला. १४ हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, लांबलेली लग्ने थाटाने लागली, आणि पर्यटनस्थळे ज्यांनी भरली ते हातावर पोट असणारे लोक खचितच नव्हते. जूनमधल्या गर्दीला नावे ठेवणारे पुष्कळजण या गर्दीत होते. त्यांना भूक बाहेर काढीत नव्हती, कंटाळा काढीत होता. फेब्रुवारीत अमरावतीत आकडे पुन्हा चढू लागले, २२ तारखेपासून तेथे टाळेबंदी आली. आणि १८ एप्रिल रोजी एका दिवसात महाराष्ट्रात ६८,६३१ नव्या रुग्णांची नोंद झाली. या दुसऱ्या लाटेमागे विषाणूचे नवे रूप होते हे नंतर स्पष्ट झाले, त्यामुळे सगळा दोष गर्दीच्या माथी मारणे योग्य नाही. तथापि, या वेळी ‘लोक बेशिस्त आहेत’ हे वाक्य पूर्वीइतक्या जोरात ऐकू आले नाही. ‘लोक’ या शब्दात आता बोलणाराही आला होता.

चढत्या आकड्यांपुढे सरकारचीही कशी त्रेधा उडत होती, हे विद्यार्थी विसरलेले नाहीत. १४ मार्चची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी, ११ मार्चला, साथीच्या कारणास्तव पुढे ढकलण्यात आली. आधीही ती वारंवार पुढे गेली होती. वयोमर्यादेच्या काठावर आलेली, पुण्यात खाणावळीचे आणि खोलीचे भाडे घरच्या पैशांतून भरणारी हजारो मुले त्या दुपारी नवी पेठेत शास्त्री रस्त्यावर येऊन बसली. रात्रीपर्यंत नवी तारीख देण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले आणि २१ मार्चला परीक्षा पार पडली. ११ मार्चला राज्यात १४ हजारांवर नवे रुग्ण आढळले होते. २१ मार्चला ३० हजारांवर. म्हणजे आकडा कमी होता तेव्हा परीक्षा धोक्याची ठरली आणि दुपटीहून अधिक झाला तेव्हा घेता आली. मुलांनी मास्क लावून, अंतरावर बसून ती दिली. धोका जेवढा विषाणूत होता तेवढाच तो निर्णयाच्या अवचितपणात होता. तीन दिवसांवर आलेली परीक्षा रद्द झाली नसती तर शास्त्री रस्त्यावरची गर्दी झालीच नसती.

मंदिरांच्या प्रश्नावर फार लिहावयास नको. मद्यालये ५ ऑक्टोबर २०२० ला उघडली आणि देवळे १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. मधल्या काळात राजकारणाने त्याचे भांडवल केले. त्यात पंढरपूरच्या बुक्का-माळा विकणाऱ्याचे, बडव्यांच्या गल्लीतल्या खोल्या भाड्याने देणाऱ्याचे, नदीकाठच्या होडीवाल्याचे काय झाले, हा प्रश्न मागे पडला. मद्यालयाचा परवानाधारक सरकारला शुल्क भरतो, बुक्केवाला भरत नाही; दोघांच्या रांगेतील क्रमांकाचा याच्याशी काही संबंध नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कडक निर्बंध लादताना राज्य सरकारने थोडा वेगळा पवित्रा घेतला हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. निर्बंधांबरोबरच ५,४७६ कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम मजूर, परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये आणि शिवभोजन थाळी मोफत. रक्कम तुटपुंजी होती आणि नोंदणी नसलेला फेरीवाला तिच्या बाहेरच राहिला. पण १८९७ च्या कायद्यातील त्या ‘दिल्यास’ शब्दाला प्रथमच काही अर्थ आला. त्यानंतर जूनमध्ये निर्बंध उठविताना जिल्ह्यांचे पाच स्तर पाडण्यात आले. चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या आहेत, या दोन आकड्यांवर कोणत्या जिल्ह्यात काय उघडणार हे ठरू लागले. त्याचीही घोषणा ३ जूनला एका मंत्र्याने केली आणि त्याच दिवशी मुख्यमंत्री कार्यालयाने ती खोडून काढली, हे आपल्या राज्यकारभाराच्या परंपरेला धरूनच झाले. पण ७ जूनपासून तो तक्ता लागू झाला, आणि आपल्या जिल्ह्याचे काय होणार हे दुकानदाराला वर्तमानपत्रातील आकडे पाहून स्वतः ताडता येऊ लागले. लोकांच्या वागण्यात यामुळे किती फरक पडला याचे मोजमाप कोणी केले नाही, करावयास हवे होते.

लोकलचा हिशेब तेवढा राहिला. ऑक्टोबर २०२० मध्ये महिलांना प्रवासाची मुभा मिळाली ती सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर. दहाच्या कचेरीला ती निरुपयोगी. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना मिळाली ती सकाळी ७ पूर्वी, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. म्हणजे कचेरी दहाची असली तरी घरातून उजाडण्यापूर्वी निघावे आणि रात्री दहा-अकराला परतावे. एप्रिलमध्ये तीही गेली. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना पास मिळू लागले. शास्त्रीय दृष्ट्या हा नियम समर्थनीयच होता. परंतु १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण महाराष्ट्रात मे महिन्यात पुरवठ्याअभावी थांबविण्यात आले होते आणि कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतील अंतर तोवर ८४ दिवसांचे झाले होते. जूनमध्ये दार पुन्हा उघडल्यावर ज्या तिशीतल्या कारकुनाने २२ जूनला पहिली मात्रा घेतली, त्याची दुसरी मात्रा १४ सप्टेंबरच्या आधी येत नव्हती. त्यापुढे १४ दिवस. कचेरी तर केव्हाच सुरू झाली होती. २८ सप्टेंबरपर्यंत तो बसच्या रांगेत उभा राहिला, किंवा विनातिकीट गाडीत चढून तिकीट तपासनिसाला सापडला आणि त्या दिवशीच्या दंड वसुलीच्या आकड्यात जमा झाला.